बद्द वाजणारा डोंगर

हा-रामोखेले, मोखोत्लोंगच्या वरचा डोंगर
९ मार्च २००८

लेतुका, माझ्या बहिणीच्या नवऱ्या,

मी जगतो आहे. तू कसा जगतोस?

फोन सोडून पत्र का लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनला रेंज मिळते ती गोठ्यामागच्या टेकडीवर, आणि टेकडी चढायला लागणारा दम सध्या माझ्याकडे नाही. एकवीस वर्षं जमिनीच्या पोटात ड्रिल चालवलं आणि आता पाण्याची बादली उचलत नाही. हे बाकीच्या दहाजणांना सांगू नकोस. त्यांना सांग, फाकिसो झोपतो, खातो आणि बायकोशी भांडतो.

खरं म्हणजे भांडणसुद्धा लांबूनच होतं. हा साधा क्षय नाही, औषधांना दाद न देणारा आहे. म्हणून मला बियाणं ठेवायच्या लहान झोपडीत टाकलंय. माथाबांग दारात लापशी आणि पालेभाजी ठेवते, दोन पावलं मागे सरते आणि तोंडावर फडकं धरून बोलते. रोज सकाळी आरोग्यसेविका येते आणि कमरेत सुई टोचते. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. आता बसायचं म्हटलं तर दोन्हीकडे विचार करावा लागतो. सुया आठ महिने. गोळ्या त्याहून पुढे.

पण फोरमन व्हिस्सरने शब्द दिलाय. सुया संपल्या, थुंकी स्वच्छ आली आणि छाती-कानाच्या तपासणीत पास झालो, की पहार पुन्हा माझी. डिसेंबर धरून चाल.

तोवर ती तुझ्याकडे आहे, म्हणून हे सगळं लिहितोय. सुरुंग उडाल्यावर सगळ्यांत आधी आत जाणार तू. छताला पहार मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर छत पक्कं. तडकलेल्या मडक्यासारखं बद्द वाजलं, तर बाजूला उभं राहून तो दगड पाडायचा, आणि पडेपर्यंत कुणालाही आत घ्यायचं नाही, व्हिस्सरच्या बापालाही. झोपडीमागचा मोठा दगड आठवतो? तुझ्या लग्नाच्या दिवशी तुला तिथे नेऊन पहार मारायला लावली होती. पाहुणे जेवत होते आणि तू नव्या कोटात दगड ठोकत होतास. खणखणीत म्हणजे काय ते तू तिथे शिकलास. ते कानात धरून ठेव.

ऐकताना कानातले बोळे काढ. कंपनी म्हणते घाला, पण बोळे घालून दगडाचं ऐकू येत नाही. आणि काढल्यावर लगेच शेजारच्या ड्रिलचा धडाका सुरू होतो, पुन्हा घालायला वेळ कुणाला आहे? माझे बोळे एकवीस वर्षं खिशातच राहिले.

एप्रिलमध्ये तुझी कानाची तपासणी आहे. घाबरू नकोस. काचेच्या खोलीत बसवतात, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मनात चार मोजायचे आणि दाबायचं. ऐकू येवो न येवो, चार झाले की दाब. मला एका म्हाताऱ्याने शिकवलं, मी तुला शिकवतो. आजवर कुणी नापास झालेलं नाही.

नीट राहा. माझ्या बहिणीला एकच नवरा आहे.

शांती असो.
फाकिसो


कामगार वसतिगृह, चार नंबर शाफ्ट
६ एप्रिल

अबुती फाकिसो,

मी जगतो आहे. तुम्ही टेकडीला घाबरता हे ऐकून सगळे दहाजण पोट धरून हसले. हो, सांगितलं मी. मोझांबिकवाला सितोए तर म्हणाला, त्याला खाली बोलवा, इथे लिफ्ट आहे.

तुम्ही माझे सख्खे भाऊ नाही, तरी मी थोरल्या भावासारखं अबुतीच म्हणणार. तुमची पहार हातात घेतली त्या दिवशी आधी ती पुसून काढली. सितोए म्हणाला, ही त्याची पहार आहे, तुझी नाही, आणि हे तिला माहीत आहे. पण छत खणखणीत वाजलं. मी हाक दिली, सगळे आत आले. दहा माणसं आपल्या एका शब्दावर छताखाली येऊन उभी राहतात, तेव्हा त्या शब्दाचं ओझं केवढं असतं ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. मी त्या दिवशी जेवलो नाही.

तपासणीत पास झालो. चार मोजले, दाबलं, चार मोजले, दाबलं. पांढऱ्या कोटातल्या बाईंनी मान डोलवली. एक विचारू? मधल्या बऱ्याच शिट्ट्या मला ऐकूच आल्या नाहीत. शिट्ट्यांची पेटी जुनी आहे, वाजल्याच नसतील.

तुमची खाट रिकामी आहे. तिथे मी माझी टोपी ठेवतो, म्हणजे कुणी बसत नाही. रविवारी सगळे गावात जातात. मी कपडे धुतो आणि त्या टोपीशी बोलतो. तुम्ही नसल्यावर इथे सोळा जणांच्या खोलीत माणूस एकटा पडू शकतो हे कळलं. मालिनेओला फोन केला तर ती म्हणते मी ओरडतो. तुमच्या बहिणीला नवऱ्याचा आवाज कधी आवडलाच नाही. तेव्हा पत्रच बरं. महिनाअखेरीला ताऊची टॅक्सी डोंगराकडे निघते, तो पत्र नेईल.

औषध घ्या. सुईला रागावू नका.

तुमचा लेतुका


हा-रामोखेले
१८ मे

लेतुका,

मी जगतो आहे. वजन दोन किलो वाढलं.

सहा आठवड्यांत मला आलेलं हे एकच पत्र, म्हणून चार वेळा वाचलं. दिवस फार लांब झाले आहेत. भिंतीतली प्रत्येक भेग मला पाठ आहे. शेजारचे लोक रस्ता सोडून खालून जातात, मुलं माझ्या झोपडीकडे बोट दाखवतात. मी त्यांना दोष देत नाही, पण मला वाईट वाटतं.

यंदा रातकिडे लवकर गप्प झाले. जूनची थंडी यायच्या आधीच. माथाबांगला तसं म्हटलं तर ती नुसती बघत राहिली. ती आता फडक्यातून काय बोलते तेही अर्धं कळत नाही. तोंड झाकून बोलायची सवय झाली की माणूस पुटपुटायला लागतो. मी आपली मान हलवतो. परवा अशीच मान हलवली, तर संध्याकाळी तिने माझा चांगला कोंबडा कापून सूप करून आणलं.

महिन्यातून एकदा दवाखान्यातून सिस्टर पुसेलेत्सो घोड्यावरून येते. मला वडीलधाऱ्यासारखं न्ताते म्हणते आणि दर वेळी तेच विचारते, न्ताते, कानात काही वाजतं का? मी म्हणतो, नाही. चुलीवर किटली ठेवल्यासारखं जरा होतं, पण ते काय सांगण्यासारखं आहे? हो म्हणालो तर ती फायलीत लिहिणार, फाईल खाणीत जाणार आणि डिसेंबर हातचा जाणार. ही किटली तुझ्या-माझ्यातच ठेव. व्हिस्सरच्या कानावर गेली तर तुझी टोपी माझ्या खाटेवर कायमची राहील.

पहारीबद्दल लिही. मला दुसरं काही नको. मी इथे पडून छत ऐकतो, पण ते गवताचं आहे.

फाकिसो


चार नंबर शाफ्ट
२९ जून

अबुती,

मी जगतो आहे, पण बरा नाही.

आम्हाला नव्या जागी हलवलंय, पूर्वेच्या बोगद्यात. इथलं सगळंच छत वाईट आहे. जिथे पहार मारावी तिथे बद्द. मी पाडतो, वर पुन्हा बद्द. पुन्हा पाडतो. अर्धी पाळी त्यात जाते. दगड हाताएवढे निघतात, आणि एकदा तर काहीच निघालं नाही, नुसत्या ठिणग्या उडाल्या. पोरं बाहेर बसून जांभया देतात. बोनस गेला. आता कुणी माझ्याशी नीट बोलत नाही. सितोएसुद्धा गाणं म्हणायचं थांबला आहे.

व्हिस्सर काल सगळ्यांसमोर म्हणाला, "फाकिसो होता तेव्हा हाच डोंगर चांगला होता. तुला पहार दिली आहे, झाडू नाही. छत पुसत बसू नकोस."

मी भित्रा आहे का, अबुती? रात्रपाळीहून आल्यावर हेच डोक्यात फिरतं. बद्द ऐकू आलं तर बद्दच म्हणणार ना? की डोंगरातही काही फरक असतो, जो तुम्ही मला शिकवला नाही? लवकर लिहा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू? इथे विचारलं तर पहार काढून घेतील आणि डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा ती भलत्याच्या हातात असेल.

लेतुका


हा-रामोखेले
२० जुलै

लेतुका,

मी जगतो आहे. बर्फ पडलंय, ताऊ पाच दिवस अडकला होता, म्हणून उशीर.

तू भित्रा नाहीस. तू नवा आहेस. पहार हाती आलेला नवा माणूस प्रत्येक दगडात मरण ऐकतो. मीही ऐकायचो. पहिल्या वर्षी मी एवढं छत पाडलं होतं की फोरमन म्हणाला, हा वरून आकाश काढणार आहे.

डोंगराडोंगरात फरक असतो. पूर्वेकडे काळ्या पट्ट्याजवळचा दगड जन्मतःच जरा बद्द असतो, माणसांत नाही का काही जन्मतःच घोगरे असतात. तिथे खणखणाटाची वाट बघत बसलास तर म्हातारा होशील. बद्दमधलं जास्त बद्द ओळखायला शीक. डावा तळहात दगडाला लाव आणि उजव्या हाताने पहार मार. दगड सैल असेल तर तळहाताला फडफड लागते. फडफड नसेल तर हाक दे आणि कामाला लाग. व्हिस्सरला दाखवून दे की माझा मेव्हणा झाडूवाला नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला, हे लपवत नाही. पाच महिन्यांत मला कुणी पहिल्यांदा काहीतरी विचारलं. सगळे मला सांगतात: हे खा, हे गिळ, तिकडे वळ. मला अजून काही माहीत आहे, हे मी विसरत चाललो होतो.

फाकिसो


चार नंबर शाफ्ट
१७ ऑगस्ट

अबुती,

मी जगतो आहे, आणि या वेळी चांगला!

तुमचं पत्र खिशात घेऊन खाली गेलो. तळहात लावला, पहार मारली. बद्द, पण फडफड नाही. हाक दिली. सगळे आत आले, सितोए पुन्हा गायला लागला. आठवडाभरात आम्ही बाकीच्या टोळ्यांच्या पुढे गेलो. बोनस परत आला. व्हिस्सरने पाठीवर थाप मारली. तो काय म्हणाला ते ड्रिलमध्ये कळलं नाही, पण थाप कळली. हल्ली मी त्याचं तोंड बघूनच समजतो.

एक गंमत. मंगळवारी मी पास केलेल्या छतातून ताटाएवढा दगड निसटला आणि सितोएच्या बुटाच्या टोकावर पडला. लोखंडी टोक होतं म्हणून बोटं वाचली. तो म्हणाला, तुझ्या अबुतीला लिही की त्याच्या शाळेतून हा एक नापास झाला. आम्ही खूप हसलो.

मला तर आता बद्दची भीतीच उरली नाही. डिसेंबरात याल तेव्हा बघा.

लेतुका


हा-रामोखेले
७ सप्टेंबर

लेतुका,

पहार खाली ठेव. पुढचं मग वाच. आधी उठ, ज्याला कुणाला चांगले कान आहेत त्याच्या हातात पहार दे, आणि मग ये.

गुरुवारी सिस्टर पुसेलेत्सो आली ती पाठीमागून. घोड्यावरून उतरली, माझ्या मागे उभी राहिली आणि तिने मला हाक मारली. किती वेळा ते मला माहीत नाही. माथाबांग पुढे उभी राहून रडत होती, तेव्हा मी मागे वळलो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

सिस्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या उजव्या कानाशी मोठ्याने बोलून आणि उरलेलं कागदावर काढून समजावलं. कानात खोल, गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात पाणी आणि पाण्यात उभे बारीक केस. आवाज आला की पाणी हलतं, केस वाकतात आणि डोक्याला कळतं. नळीच्या तोंडाशी उंच, बारीक आवाजांचे केस, आत खोल जाड आवाजांचे. ड्रिलचा धडाका त्यांना गारपिटीत मका झोपावा तसा झोपवतो. माझ्या सुईतलं औषध क्षयाला मारतं, पण या केसांच्याही मुळात शिरतं. दोन्हींची सुरुवात तोंडाकडून होते. आणि मका पुन्हा पेरता येतो, हे केस पुन्हा उगवत नाहीत. एकही नाही. मी विचारलं, किटली? ती म्हणाली, ती पहिल्याच महिन्यात सांगायची होती, न्ताते. सुया कमी करता आल्या असत्या. मी दर महिन्याला विचारत होते.

रातकिडे गप्प झाले नव्हते, लेतुका.

ती गेल्यावर मी आजोबांची जुनी पहार घेतली आणि झोपडीमागच्या दगडापाशी गेलो. तुझ्या लग्नातला दगड. तो माझ्या जन्माच्या आधीपासून घंटेसारखा वाजतो, त्याच्यात एक भेग नाही. मी पहार मारली. बद्द. दुसरीकडे मारली. बद्द. मी वर गेलो, कड्याला मारली, जिथे कडा डोंगरातच मिसळतो तिथे मारली. सगळा डोंगर तडकलेल्या मडक्यासारखा बद्द वाजत होता. मग मी खाली बसलो. डोंगर पोकळ नसतो. खणखणाट हा उंच आवाज आहे, तो ऐकणारे केस मेले की पक्का दगडही बद्दच वाजतो, आणि सैल दगडही.

आणि तिथे बसल्यावर मला तुझं जूनचं पत्र आठवलं. जिथे मारावी तिथे बद्द. नुसत्या ठिणग्या.

पूर्वेचा डोंगर वाईट नव्हता. तुझे कान गेलेत. तुला सुई नाही, पण ड्रिल आहे, आणि बोळे खिशात ठेवायला तुला मी सांगितलं. तपासणीत चार मोजायला मी शिकवलं. तू घाबरत होतास तेव्हा तुझी भीतीच तुमची सगळ्यांची राखण करत होती, ती मी घालवली. बद्दमधलं बद्द असं काही नसतं. ते मी इथे पडल्या-पडल्या, कुणीतरी विचारलं याच्या आनंदात रचलं. तळहाताची युक्ती बारीक दगडाला चालते, बैलाएवढा दगड फडफडत नाही. सितोएच्या बुटावर पडला तो ताटाएवढा होता. त्याच्या वर काय आहे ते तुला ऐकू येत नाही.

हे पत्र पोहोचायला तीन आठवडे. तीन आठवडे तू रोज हाक देणार. म्हणून आज मी टेकडी चढलो. तीनदा बसलो. तुझा नंबर लावला आणि फोन कानाला धरला. कुणी उचलला का, मला कळलं नाही. पडद्यावर आकडे पळायला लागले, त्यावरून उचलला असं धरलं आणि बोललो. म्हणालो, "लेतुकाला ऐकू येत नाही. त्याच्या हातातून पहार काढा. फाकिसो बोलतोय, मलाही ऐकू येत नाही." तीन वेळा म्हणालो. मग आकडे थांबले.

माथाबांगला बरोबर नेलं असतं तर तिने ऐकून सांगितलं असतं. पण मग डिसेंबरात मी कुठेही जाणार नाही हे तिला टेकडीवरच कळलं असतं, आणि टेकडीवर माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं. पत्र संपलं की जाऊन सांगतो.

लेतुका, उत्तर दे. रागावून दे, पण दे.

फाकिसो


हा-रामोखेले
५ ऑक्टोबर

लेतुका,

मी जगतो आहे. तू?

माथाबांग रोज टेकडीवर जाते. तुझा फोन बंद आहे असं ती खाली येऊन मान हलवून सांगते. मी दारात उभा राहून तिच्या मानेकडे बघतो. ताऊ आला, त्याने दोन्ही हात उघडे करून दाखवले.

सुया आता आठवड्यातून तीनच. छाती सुधारते आहे. सिस्टरने पाटीवर लिहून विचारलं, सुया थांबवायच्या का? उरलेलं थोडं ऐकणं वाचेल, पण क्षय उलटेल. मी म्हणालो, टोचा. मला अजून एका पत्राची वाट बघायची आहे.

फाकिसो


हा-रामोखेले
९ नोव्हेंबर

लेतुका,

मालिनेओचा निरोप आला. तू जिवंत आहेस, फक्त एवढंच. ती म्हणे बाकी काही सांगायला तयार नाही. मी बाहेर येऊन त्या दगडाला टेकून बसलो आणि रडलो, आणि माझा आवाज मलाच आला नाही.

तुला लिहायचं नसेल तर नको लिहूस. तू जिवंत आहेस, मग तुझा राग मला चालेल. मी मात्र महिनाअखेरीला लिहीत जाईन. ताऊला मी सांगून ठेवलंय.

फाकिसो


कामगार वसतिगृह, दिवेखोली
७ डिसेंबर

अबुती फाकिसो,

मी जगतो आहे.

तीन महिने मी तुमचं नाव घेतलं नाही. आता सांगतो का ते.

रविवारची सकाळ होती, अजून कुणी गावात गेलं नव्हतं. फोन सितोएने उचलला, कारण हल्ली मी उचलतच नव्हतो. फोनवर मला शब्द लागत नाहीत, नुसता गोंगाट येतो. तुम्ही टेकडीचं कारण देऊन पत्र लिहिलंत तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मीही मालिनेओवर ढकललं होतं. दोघे ताकाला जाऊन भांडं लपवत होतो.

सितोएने फोनचा आवाज मोठा केला, सगळ्या खोलीत. तुम्ही ओरडत होतात. मला नीट कळलं नाही, पण सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. तुम्ही पुन्हा ओरडलात, तेव्हा माझं नाव कळलं. मी धावत जाऊन फोन हिसकावला आणि म्हणालो, अबुती, गप्प बसा, सगळे ऐकतायत. तुम्ही तिसऱ्यांदा तेच ओरडलात. मी म्हणत होतो, ऐकतोय मी, ऐकतोय. दोन बहिरे एकमेकांच्या कानात ओरडत होते आणि पंधरा माणसं बघत होती. कुणी हसलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी सितोएने पहार माझ्या हातातून घेतली. हळूच घेतली. मी शनिवारी पास केलेल्या जागी गेला आणि त्याने एकदाच मारली. एकदाच, अबुती. मग तो मागे सरला आणि हात आडवे करून उभा राहिला. व्हिस्सर आला, ओरडला, सितोए हलला नाही. शेवटी लांब पहारी आणून बाजूने पाडायला घेतलं. दोन तास गेले. पडला तो दगड आपल्या दोन बैलांएवढा होता. त्याच्या खाली मी शनिवारी बसून भाकरी खाल्ली होती. सगळ्यांनीच खाल्ली होती.

सितोएने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं मारेल. त्याने पहार भिंतीला टेकवली आणि माझ्या शेजारी बसून राहिला. संध्याकाळी मी माझा फोन बंद केला.

मग काचेच्या खोलीत बसवलं. या वेळी मी चार मोजले नाहीत. बटण हातात धरून बसून राहिलो, शिट्टीची वाट बघत. बाईंनी दार उघडून खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं की तपासणी कधीच संपली होती.

आता मी वर, दिवेखोलीत आहे. खाली जाणाऱ्यांना दिवे देतो, परत आलेल्यांचे घेतो. पगार कमी आहे. सकाळी आपल्या टोळीला, नवा माणूस धरून, अकरा दिवे देतो आणि दुपारी अकरा परत येईपर्यंत दाराकडे बघत बसतो. आजवर अकराच आलेत. तुमची खाट नव्या माणसाला दिली. टोपी मी घेऊन आलो.

तुमच्यावर रागावलो होतो ते तुम्ही चूक शिकवलंत म्हणून नाही. तुम्ही ते मोठ्याने बोललात म्हणून. आता तो रागही गेला. सोळा जणांत मी एकटाच आहे, सगळे तोंडं हलवतात आणि हसतात, मीही हसतो. ज्याला हे सांगावं असा एकच माणूस आहे आणि तो डोंगरावर बियाण्याच्या झोपडीत बसलाय.

नाताळला सुट्टी आहे. मालिनेओला घेऊन येतो. तुमची थुंकी स्वच्छ झाली असं ताऊ म्हणाला, म्हणजे आता दाराबाहेर बसता येईल. घोड्याच्या टापा तुम्हाला ऐकू येणार नाहीत आणि तुमची हाक मला. म्हणून चोवीस तारखेला दुपारी झोपडीमागच्या दगडापाशी बसा आणि तळहात त्याला लावून ठेवा. मी दुसऱ्या बाजूने येईन आणि पहार मारेन. तीनदा.

खणखणीत वाजेल ते. आपल्याला नाही कळणार, पण मालिनेओ सांगेल.

तुमचा लेतुका